जत ते श्रीनगर विमानप्रवास: हिवाळ्यात जाताना फोनवरून प्लॅनिंग कसं करायचं? संपूर्ण माहिती

आपल्या जत तालुक्यातला एक मित्र जानेवारीत पहिल्यांदाच विमानाने श्रीनगरला गेला. तिकीट फोनवर, बोर्डिंग पास फोनवर, हॉटेलचं बुकिंग फोनवर, पैसेही फोनवरच. श्रीनगरला उतरल्यावर एअरप्लेन मोड काढला तर नेटवर्कच नाही. बॅटरी ८० टक्के, रिचार्ज तीन महिन्यांचा, पण फोन नुसताच घड्याळासारखा. हॉटेलवाल्याने सांगितलं होतं, "उतरलात की कॉल करा, गाडी पाठवतो." शेवटी शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाचा फोन मागून घ्यावा लागला.

चूक काय झाली? त्याने तिकीट स्वस्तात मिळवलं होतं, पण प्रवासाचं प्लॅनिंग केलं नव्हतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडून काश्मीरला जाणारे काही कमी नाहीत. शेजारच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक पिढ्यानपिढ्या देशभरच्या शहरांत सोनं-चांदी गाळण्याचं काम करतात. सातारा-सांगलीतले जवान तिकडे ड्युटीवर असतात. आता बर्फ बघायला जाणारे मित्रांचे ग्रुपही वाढलेत. म्हणून या लेखात जतच्या एसटी स्टँडपासून श्रीनगरच्या मुक्कामापर्यंतचं सगळं प्लॅनिंग स्टेप बाय स्टेप बघू. दिल्ली, अमृतसर किंवा लेहला जाणार असाल तरी यातलं बरंच काही उपयोगी पडेल.

## आधी अंतर आणि थंडी समजून घ्या

नकाशा उघडा, जतवर बोट ठेवा आणि सरळ वर सरकवत न्या. तुम्ही जवळजवळ श्रीनगरलाच पोहोचता, कारण दोन्ही गावं साधारण ७५ अंश रेखांशाच्या आसपास आहेत. फरक आहे तो अक्षांशाचा. जत १७ अंशांवर, म्हणजे उष्ण कटिबंधात. श्रीनगर ३४ अंशांवर आणि शिवाय समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर. पुण्याहून श्रीनगरचं हवाई अंतर साधारण १,७०० किलोमीटर भरतं.

श्रीनगरमध्ये २१ डिसेंबरपासून पुढचे ४० दिवस सगळ्यात कडक थंडीचे मानले जातात. त्याला तिथे 'चिल्लई कलान' म्हणतात. या काळात रात्री पारा शून्याखाली जाणं ही रोजचीच गोष्ट असते आणि दुपारीही तो बऱ्याचदा एक आकडीच राहतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे स्वेटर घातला की दुपारी काढून ठेवतो. तिथे तो काढायची वेळच येत नाही.

## विमान कुठून पकडायचं?

जतला विमानतळ नाही, त्यामुळे पहिला निर्णय इथेच घ्यावा लागतो.

- पुणे (लोहगाव): जतहून रस्त्याने साधारण अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटर. दिल्लीला दिवसभरात भरपूर विमानं. बहुतेकांसाठी हाच सोयीचा पर्याय.
- मुंबई आणि नवी मुंबई: लांब पडतं, पण पर्याय जास्त. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली आहेत. पुण्याकडून जाणाऱ्याला मुंबईच्या आत शिरावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.
- बेळगाव (सांबरा): इथून दिल्लीसाठी थेट विमानसेवा सुरू झालेली आहे. छोट्या विमानतळांचं वेळापत्रक मोसमानुसार बदलतं, त्यामुळे तुमच्या तारखेला विमान आहे का ते आधी बघा.
- कोल्हापूर (उजळाईवाडी): घराजवळचा विमानतळ, पण इथून आधी दुसऱ्या मोठ्या शहरात जाऊन विमान बदलावं लागतं.

फक्त तिकिटाची किंमत बघून ठरवू नका. तिकीट + घरापासून विमानतळापर्यंतचं भाडं + लागलाच तर मुक्काम, अशी बेरीज करा. मुंबईहून हजार रुपये स्वस्त दिसणारं तिकीट टॅक्सी आणि लॉजचा खर्च धरला की महाग पडू शकतं.

## उलटा हिशोब: शेवटापासून सुरुवातीकडे

आपण नेहमी "विमान किती वाजता सुटतं?" असं विचारतो. प्लॅनिंग करताना प्रश्न उलटा विचारायचा: "मला मुक्कामी किती वाजता पोहोचायचं आहे?" आणि तिथून मागे मोजत यायचं.

समजा, अंधार पडायच्या आत श्रीनगरच्या हॉटेलवर पोहोचायचं आहे. एक नमुना हिशोब बघा:

- संध्याकाळी ४:३०: हॉटेलवर
- दुपारी ३:२०: श्रीनगरला विमान उतरलं
- दुपारी १:४५: दिल्लीहून विमान सुटलं
- सकाळी ११:१५: पुण्याचं विमान दिल्लीला उतरलं (मध्ये अडीच तास हाताशी)
- सकाळी ९:००: पुण्याहून विमान सुटलं
- सकाळी ७:००: लोहगाव विमानतळावर हजर
- पहाटे ५:३०: स्वारगेटला उतरलो
- आदल्या रात्री १०:३०: जतहून निघालो

म्हणजे एकूण प्रवास १८ तासांचा आणि त्यात प्रत्यक्ष हवेत जेमतेम चार तास! उरलेले चौदा तास बस, रांगा, वाट बघणं आणि टॅक्सी यात जातात. म्हणून प्लॅनिंग विमानाचं कमी आणि या चौदा तासांचं जास्त करायचं. उमदी, संख, माडग्याळ, डफळापूर अशा गावांतून येणार असाल तर जतपर्यंतचा वेळही यात धरा.

हा हिशोब फोनच्या नोट्स किंवा कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःला विचारा: "इथे एक तास उशीर झाला तर पुढचं सगळं कोसळतं का?" उत्तर 'हो' आलं की त्या जागी वेळ वाढवा.

## तिकीट कसं शोधायचं?

गुगल फ्लाइट्ससारख्या सर्चमध्ये तारीख टाकली की कॅलेंडरवर रोजचं भाडं दिसतं. 'ट्रॅक' चालू केलं की भाडं बदलल्यावर नोटिफिकेशन येतं. त्यात शहराचं नाव किंवा विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका: पुणे म्हणजे पीएनक्यू, दिल्ली डीईएल आणि श्रीनगर एसएक्सआर.

भाडं सारखं का बदलतं? एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या किमतींच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की सिस्टिम पुढचा महाग गट उघडते. म्हणूनच चार मित्रांची तिकिटं एकत्र शोधल्यावर प्रत्येकाचं भाडं वाढलेलं दिसू शकतं. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर चौघांनाही पुढच्या गटाचा भाव लागण्याची शक्यता असते. अशा वेळी एका प्रवाशाचं भाडं वेगळं शोधून तुलना करा. "इनकॉग्निटो मोडमध्ये तिकीट स्वस्त मिळतं" या भरवशावर मात्र राहू नका. भाडं हलतं ते मुख्यतः मागणी आणि उरलेल्या जागांवर.

तीन गोष्टी बुक करण्याआधी तपासा:

१. एकच पीएनआर. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-श्रीनगर ही दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असली आणि पहिलं विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त 'न आलेला प्रवासी' असता. हिवाळ्यात दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी हा जुगार खेळू नका.

२. टर्मिनल. दिल्ली विमानतळाला तीन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ हे टर्मिनल २ आणि ३ पासून रस्त्याने काही किलोमीटर लांब आहे. उतरायचं एका टर्मिनलवर आणि पुढचं विमान दुसऱ्यावर असेल, तर बाहेर पडून शटल बस पकडा आणि पुन्हा सिक्युरिटी चेक करा, असं सगळं आलं. तिकिटावर दोन्ही टर्मिनल छापलेली असतात. नीट वाचा.

३. नाव. आधारवर जे स्पेलिंग आहे तेच तिकिटावर हवं. इन्स्टाग्रामवरचं नाव इथे चालत नाही!

## धुकं आणि बर्फ: हिवाळ्यातले दोन व्हिलन

उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन पटकन थंड होते. जमिनीलगतच्या हवेतली वाफ थंड होऊन तिचे बारीक थेंब तयार होतात आणि वारा नसेल तर ते तिथेच तरंगत राहतात. हेच धुकं. साधारण पहाटे ते सर्वात दाट असतं आणि ऊन वर आलं की विरळ होतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा काळ धुक्याचा हंगाम म्हणून धरतं.

दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कॅट-३ नावाची लँडिंग यंत्रणा आहे. तिच्या मदतीने अगदी कमी दृश्यमानतेतही विमान उतरू शकतं. पण त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: धावपट्टीवर यंत्रणा, विमानात त्याच दर्जाची उपकरणं आणि ते प्रशिक्षण घेतलेले पायलट. तिन्हीपैकी एक जरी नसलं तरी विमान थांबतं किंवा दुसरीकडे वळवलं जातं. म्हणूनच एकाच वेळी एक विमान उतरतं आणि दुसरं जयपूरकडे जातं. यात पक्षपात नसतो, यंत्रणेचा फरक असतो.

श्रीनगरची गोष्ट वेगळी आहे. दरी चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेली आहे आणि तिथे दिल्लीसारखी कॅट-३ सोय नाही. बर्फ पडला की धावपट्टी साफ होईपर्यंत सगळंच थांबतं.

यातून तुमच्यासाठी नियम असा निघतो: दिल्लीत पहाटे उतरणारं विमान टाळा, श्रीनगरला दुपारी पोहोचा आणि दिवसाच्या शेवटच्या विमानावर विसंबू नका. शेवटचं विमान रद्द झालं की रात्र विमानतळावरच काढावी लागते. दुपारचं रद्द झालं, तर संध्याकाळच्या विमानाची निदान आशा असते. महत्त्वाचं काम असेल, म्हणजे परीक्षा, लग्न किंवा ड्युटीवर हजर होणं, तर एक दिवस आधीच पोहोचा.

## तुमचं विमान आत्ता कुठे आहे?

ही ट्रिक फार कमी लोकांना माहीत आहे. तुम्ही ज्या विमानात बसणार आहात, ते आधी दुसऱ्या कुठल्यातरी शहरातून येणार असतं. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपमध्ये तुमचा फ्लाइट नंबर टाका आणि ते विमान त्याआधी कुठे होतं ते बघा. पुण्याहून ९ वाजता सुटणारं विमान ८ वाजताही दिल्लीतच उभं असेल, तर बोर्डवर 'वेळेवर' लिहिलेलं असलं तरी उशीर नक्की.

हे ॲप चालतं कसं? विमान आपलं स्थान, उंची आणि वेग रेडिओ लहरींवरून सतत पाठवत असतं. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. जमिनीवरचे छोटे रिसीव्हर ते पकडतात आणि ॲप ते नकाशावर दाखवतं. डोंगराळ भागात रिसीव्हर कमी असतील, तर विमान थोडा वेळ नकाशावरून गायब होऊ शकतं. घाबरायचं कारण नाही.

याच ॲपमध्ये त्या फ्लाइटचा आधीच्या काही दिवसांचा रेकॉर्डही दिसतो. आठवड्यात चार वेळा उशीर झालेला दिसला, तर दुसरी वेळ निवडा. हवामानासाठी भारतीय हवामान विभागाचं 'मौसम' ॲप वापरा आणि निघण्याच्या तीन दिवस आधीपासून दिल्ली आणि श्रीनगर दोन्ही ठिकाणं बघत राहा.

## सगळ्यात मोठी चूक: प्रीपेड सिम

आता सुरुवातीच्या गोष्टीकडे येऊ. उमदीच्या बाजूला आपला फोन अधूनमधून कर्नाटकचा टॉवर पकडतो आणि तरी सगळं चालतं. देशात रोमिंगचा वेगळा चार्ज उरला नाही, त्यामुळे 'रोमिंग' हा शब्दच आपण विसरलो आहोत. पण जम्मू-काश्मीर आणि लडाख याला अपवाद आहेत. सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. पोस्टपेड चालतं. कंपनी कोणतीही असो.

सिम बंद म्हणजे फक्त कॉल बंद नाही. बँकेचे ओटीपी येत नाहीत, कॅब बुक होत नाही, नकाशा उघडत नाही. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालेल, पण विमानतळ आणि हॉटेल यांच्या मधल्या रस्त्याचं काय?

उपाय काय?

- ग्रुपमधल्या निदान दोघांकडे, वेगवेगळ्या कंपन्यांचं पोस्टपेड सिम असू द्या.
- प्रीपेडचं पोस्टपेड करायचं असेल, तर निदान आठवडाभर आधी करा. एकदा बदललं की लगेच परत प्रीपेड होता येत नाही, मध्ये ठरावीक मुदत जावी लागते. ती आधी विचारून घ्या.
- तिथे पोहोचून ओळखपत्र दाखवून स्थानिक सिम घेता येतं. पण ते चालू होईपर्यंतचा वेळ हाताशी ठेवा. ड्युअल सिम फोन असेल तर सोपं जातं.
- श्रीनगर आणि आजूबाजूचा नकाशा गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन डाउनलोड करा.
- हॉटेलचा पत्ता आणि दोन-तीन फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. हसू नका, हाच कागद कामाला येतो.
- पहिल्या दिवसाचा खर्च भागेल एवढी रोख रक्कम जवळ ठेवा.

## थंडीत फोनची बॅटरी का पडते?

फोनमधली लिथियम-आयन बॅटरी रासायनिक क्रियेवर चालते. थंडीत ही क्रिया मंदावते आणि बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो. त्यामुळे फोनने जास्त पॉवर मागितली, म्हणजे कॅमेरा किंवा व्हिडिओ चालू केला, की व्होल्टेज एकदम घसरतं आणि २०-३० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद होऊ शकतो. ॲपल आपले आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते. अँड्रॉइड फोनची कहाणीही साधारण तशीच.

- फोन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात नको, आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.
- बंद पडला तर आधी ऊब द्या, मग चालू करा. बऱ्याचदा चार्ज 'परत' येतो.
- गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्याने बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हीटरवर किंवा कांगडीजवळ मात्र ठेवू नका.
- बर्फातून उबदार खोलीत आल्यावर फोनवर दव धरतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. थोडा वेळ पिशवीत राहू द्या.
- साध्या लोकरी हातमोज्यांनी टचस्क्रीन चालत नाही, कारण स्क्रीनला बोटातली विद्युतवाहकता लागते. बोटांच्या टोकाला वाहक धागा असलेले टच ग्लोव्ह्ज मिळतात, ते घ्या.

## पॉवर बँक आणि सामान

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत टाकली तर बॅग उघडायला परत बोलावतात. मर्यादा वॅट-अवरमध्ये असते: १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे बंदी. पॉवर बँकवर आकडा एमएएचमध्ये असतो, म्हणून हिशोब असा करा: एमएएच × ३.७ ÷ १०००. म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-अवर, चालेल. ३०,००० ची १११, म्हणजे परवानगी लागेल. ज्यावर आकडाच छापलेला नाही अशी स्वस्तातली पॉवर बँक नेऊ नका. विमान उडत असताना पॉवर बँकने फोन चार्ज करणंही टाळा.

देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातलं सामान चालतं. तुमच्या तिकिटावर नक्की किती आहे ते बघा. जाड जॅकेट आणि बूट बॅगेत भरू नका, अंगावर घाला. पुण्यात थोडं गरम होईल, पण वजनही वाचेल आणि उतरल्यावर बॅग उघडत बसावं लागणार नाही. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ थर जास्त ऊब देतात, कारण थरांमध्ये हवा अडकून राहते.

आईने दिलेल्या डब्याचंही बघा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बेदाणे न्यायला अडचण नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नका. खोबऱ्यात तेल जास्त असल्याने ते पेट घेणाऱ्या वस्तूंच्या यादीत येतं.

## विमानतळावर: लोहगाव आणि श्रीनगर

पुण्यात आणि दिल्लीत डिजीयात्रा ॲपने चेहरा दाखवून आत जाता येतं. ही सोय ऐच्छिक आहे. नको असेल तर साधी रांग आहेच. वेब चेक-इन घरूनच करा आणि बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. सामान जमा करण्याचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं.

पुणे आणि श्रीनगर हे दोन्ही विमानतळ हवाई दलाच्या तळांवर आहेत. धावपट्टीचे फोटो, रील्स, खिडकीतून व्हिडिओ हे सगळं बंद. क्रूने खिडकीची झडप खाली करायला सांगितली, तर वाद न घालता करा.

परतीच्या वेळी श्रीनगरला तीन तास आधी पोहोचा. तिथे टर्मिनलच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबवून सगळं सामान उतरवून तपासतात, मग पुन्हा टर्मिनलवर तपासणी होते. परतीच्या तिकिटाची प्रिंट जवळ ठेवा, कारण तुमच्या फोनला तिथे नेटवर्क असेलच असं नाही.

## विमान रद्द झालं तर?

- कंपनीने विमान रद्द केलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडायचा हक्क तुमचा आहे. कारण हवामानाचं असेल तर वरून नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे बुडत नाहीत.
- काउंटरच्या रांगेत उभं राहा आणि त्याच वेळी कंपनीच्या ॲपमध्येही बदल करून बघा. जे आधी होईल ते.
- हेल्पलाइन नंबर गुगलवर शोधू नका. विमानं रद्द झाली की खोट्या कस्टमर केअर नंबरवाल्यांचं फावतं. 'रिफंडसाठी हे ॲप टाका' असं म्हणाले की फोन ठेवा. नंबर कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कॉल करा.
- कंपनी ऐकत नसेल तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.
- प्लॅन बी: कटरा ते श्रीनगर वंदे भारत ट्रेन जून २०२५ मध्ये सुरू झाली. विमानं बंद असतील आणि जम्मूचा रस्ताही बर्फाने अडला असेल, तेव्हा हा तिसरा मार्ग तपासा.

## निघण्याआधीची चेकलिस्ट

पंधरा दिवस आधी: सिमचा प्रश्न सोडवा, जत-पुणे बसचं बुकिंग करा.
तीन दिवस आधी: मौसम ॲप, ऑफलाइन नकाशा, कागदावर नंबर.
आदल्या दिवशी: वेब चेक-इन, स्क्रीनशॉट, बॅगेचं वजन, पॉवर बँक फुल चार्ज.
निघताना: मूळ ओळखपत्र, रोख रक्कम, फ्लाइट ट्रॅकरवर विमान कुठे आहे ते बघा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ओळखपत्र डिजिलॉकरमध्ये असेल तर चालतं का?
डिजिलॉकर किंवा एमआधारमधलं आधार चालतं. आधारचा नुसता फोटो गॅलरीत ठेवून भागत नाही. मूळ कार्ड सोबत असलेलं बरं.

पोस्टपेड असलं की काश्मीरमध्ये सगळीकडे नेटवर्क मिळतं का?
नाही. दुर्गम भागात कंपनीनुसार फरक पडतो. म्हणूनच ग्रुपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे नंबर ठेवा.

लेहला जाताना हेच नियम का?
सिमचा नियम तोच. पण लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने एकदम तिथे उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीसाठीच ठेवा.

शेवटी एकच सांगतो. निघायच्या आदल्या दिवशी फोन पाच मिनिटं बंद करून बाजूला ठेवा आणि विचार करा: "आत्ता मी श्रीनगरला उतरलो आणि हा फोन चालूच झाला नाही, तर मी मुक्कामी पोहोचेन का?" खिशातला कागद, रोख रक्कम आणि सोबतच्या मित्राचा नंबर बघून उत्तर 'हो' आलं, तर तुमचं प्लॅनिंग पूर्ण झालं. शुभ प्रवास!